मनोरुग्ण वॉर्डात रुग्ण अंगावर येतो तेव्हा

ड्यूटीवर चढतानाच केसांचा घट्ट अंबाडा घाला, मंगळसूत्र नि लोंबते कानातले काढून ठेवा. ओळखपत्राची दोरी झटक्यासरशी सुटणारी हवी.

हल्ल्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. हल्ल्याचा धोका मोजायच्या ब्रोसेट तक्त्यात त्या सहा आहेत: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, मारायला धावल्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. प्रत्येकीला १ गुण. एरवीही मोठ्याने बोलणाऱ्या रुग्णाचा आवाज नेहमीपेक्षा चढला तरच गुण द्या. बेरीज २ च्या वर गेली तर डॉक्टरांना लगेच कळवा. अंदाज पुढच्या २४ तासांपुरताच असतो, म्हणून तक्ता दर पाळीत नव्याने भरा.

भडका बऱ्याचदा आपल्या 'नाही'वर उडतो. 'घरी कधी सोडणार?', 'तंबाखू द्या', 'गोळी नको'. यावर नुसतं 'नाही' तोडून टाकू नका. "डॉक्टरांना राउंडला विचारते, जेवणाआधी तुम्हाला सांगते," असं म्हणा आणि खरंच जेवणाआधी सांगा. शब्द पाळला नाही तर पुढच्या पाळीतल्या सिस्टरला त्याचा मार बसतो. बोलताना दोन हात अंतर ठेवून थोडं तिरपं उभं राहा, तळवे दिसू द्या. दाराची वाट तुम्हालाही मोकळी हवी, त्यालाही. बोलणारं माणूस एकच असावं.

केस धरले तर डोकं मागे ओढू नका, टाळू फाटते. दोन्ही तळव्यांनी त्याची मूठ आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरा, म्हणजे हिसका बसत नाही. मग हाक मारा. बोटं सहकाऱ्याने सोडवायची. मनगट पकडलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरवून काढा, पकड तिथेच कच्ची असते. चावा बसून कातडी फुटली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलंच तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.

धरावंच लागलं तर पालथं पाडू नका. छाती, पाठ, मानेवर भार नको, श्वास अडकतो. एकाने डोक्याशी थांबून फक्त श्वास पाहायचा. शांत करायला हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन ही औषधं दिल्यावर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास नोंदवा. मान वाकडी झाली, डोळे वर फिरले तर ते नाटक नाही, औषधाचा दुष्परिणाम आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७ प्रमाणे बांधायला प्रभारी मनोविकारतज्ज्ञांची परवानगी लागते. पद्धत, कारण आणि कालावधी लगेच केसपेपरवर यायला हवा, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायला हवं. माणसं कमी आहेत म्हणून बांधणं बेकायदा आहे. पाळीत माणसं कमी असतील तर तेही रजिस्टरमध्ये आकड्यासकट लिहा.