लिनक्स लॅपटॉपमधला जीपीएस सुरू करताना या चुका टाळा

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात जीपीएस असल्याचं लिहिलेलं असतं, पण लिनक्समध्ये शोधायला गेलं की त्या नावाचं काहीच सापडत नाही. मग हार्डवेअर चालत नाही असं ठरवून बरेच जण नाद सोडतात. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस वेगळा नसतोच, सिमकार्ड बसतं त्या मोबाइल डेटाच्या मोडेम कार्डात तो असतो. म्हणून एलएसयूएसबी या, जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत मोडेम शोधा. मोडेमच नसेल, तर उपकरणांच्या फाइल्स असतात त्या 'डेव्ह' फोल्डरात जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान शोधणाऱ्या यंत्रणांचं एकत्रित नाव) नावाची फाइल आहे का बघा; लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या 4.19 आवृत्तीपासून स्वतंत्र रिसीव्हर तिथे दिसू शकतात. तीही नसेल, तर सरळ यूएसबी रिसीव्हर घ्या.

मोडेम दिसला म्हणजे जीपीएस चालू झाला, असंही धरून चालू नका. तो मुद्दाम चालू करावा लागतो. मोडेम सांभाळणाऱ्या मोडेममॅनेजर प्रोग्रॅमच्या एमएमसीएलआय कमांडने आधी मोडेम एनेबल करा, मग लोकेशनची स्थिती विचारा. क्षमतांच्या यादीत 'जीपीएस-एनएमईए' (एनएमईए म्हणजे रिसीव्हर ज्या मजकुराच्या ओळींत माहिती देतो ती पद्धत) असेल, तर तो पर्याय सुरू करा. नुसतं थ्रीजीपीपी दिसत असेल, तर तुम्हाला फक्त मोबाइल टॉवरची माहिती मिळेल.

जीपीएसडी, म्हणजे रिसीव्हरचा डेटा वाचून इतर प्रोग्रॅमना पुरवणारा प्रोग्रॅम, वापरायचा असेल, तर एकच पोर्ट दोन प्रोग्रॅमना वाचायला देऊ नका. डेटा दोघांत तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. 'जीपीएस-अनमॅनेज्ड' पर्याय यासाठीच आहे. मोडेममॅनेजर जीपीएस चालू करतो आणि पोर्ट जीपीएसडीसाठी मोकळा ठेवतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते घाईमुळे, तेही घरात बसून. एका उपग्रहाची कक्षेची माहिती उतरायला साधारण 30 सेकंद लागतात, तेही सिग्नल अखंड असेल तर. उंचीसकट स्थान काढायला किमान 4 उपग्रह हवेत. म्हणून पहिल्या वेळी लॅपटॉप उघड्या आकाशाखाली ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. रिसीव्हरकडून येणाऱ्या आरएमसी ओळीत (स्थान आणि वेळ सांगणारी एनएमईए ओळ) 'व्ही' आणि नुसते स्वल्पविराम दिसले, तर निराश होऊ नका: रिसीव्हर बोलतोय, फक्त स्थान अजून पक्कं झालेलं नाही. ते झालं की 'व्ही'च्या जागी 'ए' येतो.

इतकं करूनही दिसणारे उपग्रह सांगणाऱ्या जीएसव्ही ओळींत एकही उपग्रह येत नसेल, तर अँटेनाकडे वळा. कार्ड नंतर बसवलेलं असेल, तर अँटेनाची दुसरी वायर सुटी राहिलेली असू शकते, आणि अनेक कार्डांत जीपीएस तिच्यावरच चालतो.

नकाशाच्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. अशा अ‍ॅपना जागा पुरवणारी जिओक्ल्यू ही सेवा वायफायवरूनही जागा सांगते. खरी खात्री जीपीएसडीचा डेटा टर्मिनलवर दाखवणाऱ्या सीजीपीएसमधल्या उपग्रहांच्या यादीवरूनच करा.