कर्करोग रुग्णालयात समाजसेवा विभागाची मदत कशी घ्यावी

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून रुग्ण घेऊन येणाऱ्यांनी निदान होताच, म्हणजे उपचारांचे पैसे भरण्यापूर्वीच, वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. कारण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रोकडरहित असून तिच्यात उपचारांना पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि आधी खर्च केलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. शिधापत्रिका, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि तपासण्यांचे अहवाल यांच्या दोन-तीन प्रती जवळ असाव्यात. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव आहे ना, हे गावीच पाहून घ्यावे, कारण बरेच अर्ज अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या त्रुटींवर अडतात.

समाजसेवकांपुढे कर्ज, बुडालेली मजुरी, मुलांची शाळा हे सारे संकोच न करता मांडावे. ही माहिती मिळाल्याशिवाय त्यांना धर्मादाय न्यासांकडे शिफारस करता येत नाही. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांची चौकशीही तेथेच करावी. रेल्वेच्या शयनयान वर्गात उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास भाड्यात पूर्ण, तर सोबत्यास ७५ टक्के सवलत असते; तिचे प्रमाणपत्र रुग्णालयाकडून विहित नमुन्यात घ्यावे. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे.