झोनमध्ये तक्रार देताय? या चुका टाळा

नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन, म्हणजे विभागीय कार्यालये, आहेत आणि दहाही झोनच्या आवक टेबलावर एकाच साच्याचे पत्र येते. वर 'मा. आयुक्त साहेब', मध्ये रस्ता, गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी), पथदिवे, कचरागाडी, मोकाट कुत्री, रिकाम्या प्लॉटवरचे गवत, शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' आणि खाली चाळीस सह्या. हे पत्र वाचले जाते, पण पाठवायचे कोणाकडे? रस्ता कनिष्ठ अभियंत्याचा, दिवे विद्युत विभागाचे, कचरा स्वच्छता निरीक्षकाचा. कागद एक आणि टेबले चार, त्यामुळे तो पहिल्याच टेबलावर थांबतो. तिथला माणूस आपल्यापुरती 'पाहणी केली' असा शेरा मारतो आणि सहाही विषय एकदम निकाली निघतात. विषय सहा असतील तर पत्रेही सहा द्या. कंटाळा येतो, येऊ द्या.

सगळ्यात जास्त वर्षे मात्र वाया जातात ती लेआउट कोणाचा हे न पाहता अर्ज केल्याने. गुंठेवारी लेआउटांत, म्हणजे परवानगीशिवाय प्लॉट पाडलेल्या वस्त्यांत, हे नेहमीचेच. लोक घरटॅक्स मनपाला भरतात, म्हणून रस्ताही मनपाच करणार असे धरून चालतात. झोनमध्ये उत्तर मिळते, "भाऊ, हा लेआउट नासुप्रचा." नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. मंडळी सदरला प्रन्यासच्या ऑफिसात जातात, तिथे कोणीतरी म्हणते, "तो तर मनपाकडे हस्तांतरित झाला." दोन्ही उत्तरे तोंडी. पावसाळा निघून जातो, राग विरतो. पुढच्या वर्षी कृती समितीचा अध्यक्ष बदलतो आणि नवा माणूस पुन्हा झोनच्याच पायऱ्या चढायला लागतो. जुन्या अध्यक्षाकडे फाइल नसते, कारण फाइलमध्ये ठेवण्यासारखे काही मिळालेलेच नसते.

यावर उपाय म्हणजे आधी तीन झेरॉक्स काढायच्या: आरएल (प्लॉटचे नियमितीकरण पत्र), विकास शुल्काची डिमांड नोट पावतीसह, आणि चालू वर्षाचे टॅक्सचे देयक. त्या जोडून एकच पत्र दोन्ही कार्यालयांना द्यायचे आणि प्रत्येकावर 'प्रतिलिपी' म्हणून दुसऱ्याचे नाव टाकायचे. पहिली मागणी रस्त्याची करायचीच नाही. 'सदर लेआउटमधील रस्ते व गडर लाइनची देखभाल कोणाकडे आहे ते लेखी कळवावे', एवढेच मागायचे. एकाने जरी लेखी दिले, तरी पुढची टोलवाटोलवी अवघड होते. आणि बेसा, बेलतरोडीच्या मंडळींनो, घर नागपुरात आहे असे पाहुण्यांना खुशाल सांगा, पण तुमचा भाग मनपाच्या हद्दीत नाही.

पथदिवा बंद असेल तर खांबाचा क्रमांक लिहा. 'हनुमान मंदिराजवळचा दिवा' हा पत्ता नागपुरात हजार ठिकाणी लागू पडतो.

नळाला घाण पाणी येत असेल तर पाणीपुरवठा चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवाच, पण गडर लाइनचा तुंबलेला (चोकअप) चेंबर जवळ असेल तर त्याच दिवशी झोनलाही कळवा. दुरुस्ती बहुधा दोघांनाही करावी लागते. पाणी किती वाजता आले आणि पहिली किती मिनिटे घाण होते, हे लिहिले तर गळती शोधायला मदत होते.

दुसरी जुनी डोकेदुखी सिमेंट रस्त्याची. रस्ता झाल्यावर पहिल्या पावसात पाणी अंगणात शिरते, मग मोर्चा निघतो. तोवर काँक्रीट पक्के झालेले असते आणि ते फोडायला कोणी तयार नसते. जुना डांबरी थर पुरेसा न खोदता त्यावरच काँक्रीट ओतले की रस्ता घरांपेक्षा उंच होतो, हे उघड आहे. म्हणून खोदकाम सुरू होते तेव्हाच जागे व्हा. गेटच्या उंबऱ्यापासून जुन्या रस्त्यापर्यंतचे उंचीतले अंतर टेप लावून मोजा, टेपसह फोटो काढा आणि चार-पाच घरांची मापे लिहून उपअभियंत्याला पत्र द्या. पावसाळी नाली अंदाजपत्रकात आहे का, तयार रस्त्याची पातळी किती, हे दोनच प्रश्न विचारा. वेळ निघून गेलीच असेल, तर कार्यादेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागवा आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, कधी संपतो ते पाहा. ठेकेदाराची अनामत अडकलेली असेपर्यंतच तुमच्या पत्राला थोडे वजन असते.

ही कागदपत्रे माहिती अधिकारात मागताना लोक 'आमचा रस्ता का खराब झाला?' असे लिहितात आणि उत्तर येते, 'माहिती अभिलेखात उपलब्ध नाही'. 'का' विचारू नका, कागदाचे नाव घेऊन प्रत मागा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झोनच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. ही मुदत चुकवणारे सगळ्यात जास्त ओरडतात, असा अनुभव आहे.

पोच न घेता पत्र देणे म्हणजे पत्र न देणे. ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. बाबू म्हणाला "ठेवून जा", तर ठेवू नका. झोनच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा.

व्हॉट्सअॅप आणि ट्विटरवाल्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मंत्र्यांना टॅग केल्याने कधीकधी खड्डा बुजतो, पण मुरूम टाकून, आठवड्याभरासाठी. अॅपवरची तक्रार जरूर करा, फक्त ती 'निकाली' दिसली की स्क्रीनशॉट आणि त्याच दिवसाचा जागेवरचा फोटो जोडून, तक्रार क्रमांकासह कागदी पत्र द्या.

नगरसेवकाला सांगितले म्हणजे तक्रार झाली, असे नसते. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते. तेव्हाही काम पुढे न्यायला आवक क्रमांकच लागत होता. आता प्रभागात साधारण चार नगरसेवक आहेत. एकाच्याच मागे लागण्यापेक्षा चौघांनाही पोच मिळालेल्या पत्राची प्रत द्या. नवा रस्ता हवा असेल तर पत्र हिवाळ्यात द्या, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव होण्याआधी. नाली साफ करायची तर मार्च-एप्रिलमध्ये. जुलैत गुडघाभर पाण्यात उभे राहून काढलेला फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, पण सफाईचे वेळापत्रक तोवर संपलेले असते.

आणि 'रस्ता नाही तर टॅक्स नाही' हा बाणेदारपणा नको. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, आणि टॅक्स विभागाला रस्त्याशी काही देणेघेणे नसते.