मे महिन्याआधी क्लाउनफिशची टाकी लावताय? इंदूरकरांसाठी तयारीची यादी

टाकी शंभर लिटरच्या आसपासची घ्या. चाळीस-पन्नास लिटरमध्ये क्लाउनफिशची जोडी मावते, पण पाणी थोडं असलं की उष्णता, मीठ, घाण सगळंच झटक्यात वरखाली होतं. दिवा, फिल्टर, स्टँड दुकानदार दाखवेलच. पश्चिमेच्या खिडकीजवळ मात्र टाकी ठेवू नका, दुपारनंतर ती भिंत तापते.

पाणी. नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण त्यात क्लोरीन असतं आणि क्षारही असतात, त्यामुळे ते थेट टाकीत नको. स्वयंपाकघरातल्या आरओचंही एकदा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. बहुतेक मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. नुसते मासे ठेवायचे असतील तर ते चालून जातं, पण शून्याच्या जवळचं पाणी मिळालं तर शेवाळाचा त्रास बराच कमी होतो. घरातले वीस-वीस लिटरचे दोन कॅन रिकामे करा. एकावर ठळक मार्करने ‘खारं’ लिहा, दुसऱ्यावर ‘गोडं’. दुसरा कॅन कशासाठी ते पुढे येतंय, आणि तो कॅन पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ, घरातलं नव्हे. घरातल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे लागणाऱ्या गोष्टी नसतात. लिटरला साधारण 35 ते 40 ग्रॅम लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतंच. टाकी पहिल्यांदा भरताना, मासे नसताना, टाकीतच कालवलं तरी हरकत नाही. त्यानंतर मात्र नेहमी बादलीत, पंप लावून रात्रभर फिरवून. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. सुईचा स्वस्त हायड्रोमीटर घेऊ नका, सुईला बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. वाचन 1.026 च्या आसपास, म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ. रिफ्रॅक्टोमीटरसोबत 35 चं प्रमाणित द्रावण मिळतं, तेही घ्या आणि अधूनमधून ताडून बघा.

आता उष्णता. टाकी 25 ते 27 अंशांवर हवी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीत टाकीचं पाणी तिशीच्या वर सहज जातं. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, महाग आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा टाकणारा छोटा पंखा दोन-तीन अंश खाली आणतो, आणि मालव्याच्या कोरड्या हवेत तो फार छान काम करतो. त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर मात्र हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. कूलर दुसऱ्या खोलीत हलवा. वर काचेचं झाकण नको, वारा अडतो. बारीक जाळी लावा, कारण क्लाउनफिश उडी मारतात.

पंखा टाकी गार करतो तो पाणी उडवूनच. हे डोक्यात पक्कं बसवा. मागच्या उन्हाळ्यात मी पंखा लावला, पुढचा विचार केला नाही, आणि टाकी गमावली. उडतं ते फक्त पाणी. मीठ उडत नाही, जिथल्या तिथे राहतं. म्हणून रोज भरायचं ते गोडं पाणी. खारं नाही. ‘खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खारंच घालायला हवं’ असं मनात येतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

हिशोब करून बघा. शंभर लिटरच्या टाकीतून पंख्याखाली दिवसाला तीन लिटर उडालं असं धरा. चार दिवस काहीच भरलं नाही तर 88 लिटर उरतं, मीठ तेवढंच, म्हणजे 35 चे जवळजवळ 40 झाले. ते बारा लिटर खाऱ्या पाण्याने भरून काढलं तरी आकडा 39 च्या पुढेच राहतो, आणि आणखी चार दिवसांनी तसंच केलं तर 43 च्या पुढे. टाकी वरून भरलेली दिसते, पाणी काचेसारखं दिसतं, आणि आत गोगलगायी, कोळंबी मरायला लागतात. त्यानंतर घाबरून एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलंत तर जी तगली असतील तीही जातात. वाढलेलं मीठ उतरवायचं ते दोन-तीन दिवसांत, थोडं थोडं.

म्हणून टाकी भरली त्याच दिवशी काचेवर पातळीच्या रेषेला बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा. सकाळी चहाआधी बघा. पाणी पट्टीच्या खाली गेलं असेल तर गोड्या कॅनमधून पट्टीपर्यंत, मगने, सावकाश, पंपाच्या धारेत. पंपाच्या वायरीवर आणि जाळीच्या कडेला मिठाची पांढरी खरखरीत खपली धरते, ती ओल्या फडक्याने पुसा. बोर्डाकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे खारं पाणी वायरीवरून ओघळत प्लगात शिरणार नाही. पैसे असतील तर आपोआप पाणी भरणारा सेन्सर लावा, पण त्याच्याही डब्यात गोडंच पाणी. गोडं.

वीज. उन्हाळ्यात देखभालीच्या नावाखाली तासन्‌तास जाते. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप घ्या. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. बंद बाटलीत बर्फ करून एका वेळी एकच तरंगत ठेवा. हिवाळ्यासाठी शंभर वॉटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका.

मग थांबायचं. दगड कोरडे घ्या. कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, कुणी ‘समुद्रातून आणलेत’ म्हणून देऊ करत असेल तर घेऊ नका. कोळंबीचा तुकडा किंवा अमोनियम क्लोराइड घालून माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्या. चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. घातलेला अमोनिया दिवसभरात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट चढलं, की टाकी तयार. घाई केलीत तर मासे मरतील, एवढंच सांगते. आणि या रिकाम्या आठवड्यांतही पाणी उडतच असतं, तेव्हा गोडं पाणी भरण्याची सवय इथूनच लावून घ्या.

मासे टाकीत वाढवलेलेच मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, समुद्रातून पकडलेले घेण्याची गरज नाही. ऑसेलारिस जातीचे दोन घ्या, एक मोठा, एक लहान. सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो. तिसरा नको, त्याला मार खावा लागतो. सी अ‍ॅनिमोन (ज्याच्या आसऱ्याला हे मासे समुद्रात राहतात तो फुलासारखा दिसणारा जीव) नसलं तरी ते मजेत राहतात, पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

मुंबईहून रात्रीच्या बसने पार्सल येत असेल तर सकाळी स्वतः घ्यायला जा. दिवा बंद, पिशवी पंधरा मिनिटं तरंगत, मग नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी. लांबच्या प्रवासातला मासा असेल तर फार वेळ लावू नका. पिशवीतलं पाणी टाकीत नाही. जमलं तर महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर पांढरा चिकट थर आणि जोरात श्वास, असं दिसलं तर लगेच उपचार. खाणं दिवसातून दोनदा, चिमूटभर. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, तेवढ्यापुरताच खारा कॅन.

गावाला जाताना शेजारच्या काकूंना रोजची एकेक बाटली मोजून, तारीख लिहून द्या. खारा कॅन कुलपात ठेवा.