ध्यानासाठी दिवसभराचा इंद्रियसंयम कसा साधावा

रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ, जेवताना ऐकलेली वृत्तवाहिनीवरची भांडणे, दुपारी कोणीतरी टाकून बोललेले एखादे वाक्य ही सगळी मंडळी सकाळी डोळे मिटताच हजर होतात, आणि आपल्याला ध्यान जमतच नाही असे साधक ठरवून मोकळा होतो. खरे तर त्या तासाभराच्या बैठकीत दिवसाच्या उरलेल्या तेवीस तासांचा हिशेब समोर येत असतो. पतंजलींच्या अष्टांगयोगात प्रत्याहार (इंद्रियांना विषयांपासून मागे वळवणे) हे पाचवे अंग धारणा (मन एका जागी धरणे) आणि ध्यान यांच्या आधी येते, त्यामागचे कारण हेच असावे. बौद्ध परंपरेतही इंद्रियसंवराची, म्हणजे इंद्रियांच्या दारांवरील पहाऱ्याची, गणना समाधीच्या पूर्वतयारीत होते.

संयम म्हणजे डोळे-कान बंद करून वावरणे नव्हे. बौद्ध ग्रंथांतील सूचना फार नेमकी आहे: रूप दिसले, शब्द ऐकू आला, तरी त्याचे ‘निमित्त’ आणि ‘अनुव्यंजन’, म्हणजे त्याची ठळक खूण आणि बारीकसारीक तपशील, धरून बसू नये. रस्त्याने जाताना दुकानातली साडी दिसणे अपरिहार्य आहे. पण तिचा काठ, तिची किंमत आणि ती नेसून आपण कोणत्या लग्नाला जाऊ, इथवर पोहोचणे अपरिहार्य नाही. आपल्याला काम करायचे आहे ते या दोहोंमधल्या जागेत.

सुरुवातीचे तीन-चार दिवस काहीही सोडू नये, नुसते टिपून ठेवावे. ध्यानाहून उठल्यावर मन कुठे कुठे गेले आणि तो विषय कोणत्या इंद्रियाच्या दाराने आत आला होता, हे वहीत दोन ओळींत लिहावे. माझे उघडे दार डोळ्यांचे असणार अशी माझी खात्री होती. वहीत निघाली जीभ. म्हणून हे टिपण टाळू नये, कारण अंदाजाने निवडलेल्या दारावर पहारा देण्यात महिना वाया जातो.

त्यानंतर एकच दार निवडावे. जिभेचेच उदाहरण घेऊ. चारच्या चहाबरोबर फरसाणाचा डबा समोर उघडा ठेवून खाण्याऐवजी लहान वाटीत काढून घ्यावे, झाकण लावून डबा जागेवर ठेवावा आणि मगच बसावे. पहिला घास तोंडात असतानाच हात पुन्हा वाटीकडे निघालेला दिसेल. त्याच क्षणी बोटे वाटीच्या कडेवर थांबवून एक श्वास पूर्ण होऊ द्यावा, तोंडातला घास गिळावा, आणि मग खावेसे वाटले तर खुशाल खावे. न खाण्यापेक्षा तो थांबलेला हात महत्त्वाचा आहे. आहार सोडला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. आपल्याकडच्या ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीचाही अर्थ याहून फार वेगळा नाही. मधुमेह असलेल्यांनी किंवा वेळेवर औषधे घेणाऱ्यांनी संयमाच्या नावाखाली जेवण चुकवू नये.

निवडलेले दार डोळ्यांचे असेल, तर बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न मोबाइलचाच असतो, आणि तिथे निर्धारापेक्षा व्यवस्था अधिक कामी येते. गजराचे वेगळे घड्याळ आणावे, फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि सकाळची बैठक होईपर्यंत त्याला हात लावू नये. कानांसाठी एवढे पुरे की स्वयंपाक करताना किंवा प्रवासात काहीतरी वाजत ठेवण्याची सवय दिवसातून एकदा मोडावी.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात फोन सुरुवातीलाच जमा करावा लागतो, आर्यमौन, म्हणजे बोलणे आणि खाणाखुणाही बंद, पाळावे लागते, पहाटे चारला घंटा होते आणि आधी शिबिर केलेल्या जुन्या साधकांना दुपारी बारानंतर जेवण नसते. ही सगळी शिस्त जशीच्या तशी घरी चालवण्याचा उत्साह परतलेल्या साधकाला येतो, आणि आठवडाभरात तो मावळतो; कारण तिथे स्वयंपाक, वेळापत्रक आणि शांतता दुसऱ्यांनी सांभाळलेली असते, तर घरी कुकरच्या शिट्ट्याही आपणच मोजायच्या असतात.

पहारा देताना मनाला टेकायला जागा लागते. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात सहा प्राण्यांची उपमा आहे: साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना दोऱ्यांनी एकत्र बांधले, तर साप वारुळाकडे, सुसर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे आणि माकड रानाकडे ओढणार, आणि ज्याचा जोर अधिक त्याच्यामागे बाकीचे फरफटणार. मात्र त्या दोऱ्या भक्कम खुंटाला बांधल्या, तर ओढून ओढून थकल्यावर ते त्याच खुंटाजवळ उभे राहतील, बसतील, आडवे होतील. तो खुंट म्हणजे कायगतास्मृती, शरीराविषयीची जाग. बसच्या रांगेत तळपायांवर पडणारा भार, जिना चढताना गुडघ्यांची हालचाल, भांडी घासताना हातांना लागणारे पाणी यांपैकी एक ठरवून घ्यावे आणि ओढ जाणवली की तिथे परतावे. ओढीशी वाद घालत बसू नये. वाद घालणे हेही त्या विषयाचे चिंतनच असते.

प्रगती ओढ किती कमी झाली यावर मोजू नये, ती किती लवकर लक्षात आली यावर मोजावी. सुरुवातीला वाटी रिकामी झाल्यावर आठवण होते. काही दिवसांनी अर्ध्यावर होते. हात उचलतानाच लक्षात येऊ लागले, की दुसरे दार हाती घ्यायला हरकत नाही.