मशीन चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही: मेंटेनन्समध्ये नव्या पोरांनी या चुका टाळा

आयटीआय आणि डिप्लोमा संपवून पोरांची नवी बॅच मेंटेनन्सला येते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रश्न ठरलेला असतो : "सर, पीएलसी कधी शिकवणार?" पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमवर मशीन चालवणारा कंट्रोलर. शिकवू की. पण मशीन बंद पडते ती सैल झालेल्या लगमुळे (वायरच्या टोकाची धातूची कडी), धातूच्या चिप्सने झाकलेल्या सेन्सरमुळे, नाहीतर कोणीतरी ठोकून बसवलेल्या बेअरिंगमुळे. प्रोग्रॅम बिचारा काल होता तसाच आज असतो. लॅपटॉप उघडण्याची घाई झालेल्यांना पान्हा नीट धरता येत नाही, हे रोज बघतोय म्हणून लिहितोय.

ट्रिप झालं, रीसेट मारलं

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक ही. ओव्हरलोड रिले (मोटरनं जास्त करंट घेतला की ती बंद करणारा) ट्रिप झाला की त्यावरचं बटण दाबायचं. परत ट्रिप झाला की परत दाबायचं. तिसऱ्यांदा झाला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिलेची करंटची मर्यादा ठरवणारी चकती थोडी पुढे सरकवायची. मोटर पळते, प्रॉडक्शनवाले खूश.

चाकण भागातल्या एका कारखान्यात प्रेसच्या पॉवर पॅकची (तेलाचा दाब देणारं युनिट) १५ एचपीची मोटर रात्रपाळीत अशीच ट्रिप व्हायला लागली. ड्यूटीवर ट्रेनी एकटा. बाजूला प्रॉडक्शनचा सुपरवायझर उभा, "अरे लाइन थांबलीय, कर ना काहीतरी." पोरानं दोनदा रीसेट केलं आणि मग रिलेची चकती पार शेवटपर्यंत फिरवली. पहाटेपर्यंत प्रेस चालली. फर्स्ट शिफ्ट आत आली तेव्हा शॉपभर जळलेल्या वॉर्निशचा वास.

मोटर रिवाइंडिंगला गेली. मिस्त्रीनं कव्हर काढून आम्हाला बोलावलं. एका फेजची सगळी कॉइल कोळशासारखी काळी, बाकी दोन फेजची तांब्याची तार जशीच्या तशी. डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडलेल्या मोटरची एक लाइन गेली की असंच होतं. सगळा भार एका वाइंडिंगवर येतो आणि तेवढीच जळते. स्टार जोडणी (तिन्हींचं एकेक टोक एकत्र) असती तर दोन जळून एक वाचली असती. म्हणजे पंप जाम नव्हता, तेल घट्ट नव्हतं, मोटर सिंगल फेजवर पळत होती. स्टार्टर उघडला तर मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) इनकमिंगला एक लग हातानं हलत होती आणि शेजारचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. स्क्रू आवळायचं काम होतं. रिले तेच ओरडून सांगत होता आणि पोरानं त्याचं तोंड दाबलं.

माझी सवय सांगतो. एकदा रीसेट करायला माझी ना नाही, पण हातात टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) असला तरच. बायमेटल रिलेला थंड व्हायला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात स्टार्टर बंद करून लग तपासून घ्यायच्या. मग चालू करून तिन्ही फेजचा करंट बघायचा आणि तीन आकडे लिहून ठेवायचे. एक फेज शून्यावर किंवा बाकीच्यांपेक्षा बरीच वेगळी असेल तर सप्लाय, कॉन्टॅक्टर, केबल तपासा. तिन्ही सारख्याच चढलेल्या असतील तर मोटर सोडा, पुढे काय अडकलंय ते बघा.

यातलीच एक पोटचूक. नेमप्लेटवर २१ अँपिअर लिहिलंय म्हणून रिले २१ वर लावतात. डायरेक्ट ऑनलाइन स्टार्टर (मोटर थेट लाइनवर टाकणारा) असेल तर बरोबर. पण स्टार-डेल्टात (आधी स्टार, मग डेल्टावर नेणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या वाटेवर असतो. तिथून लाइन करंटच्या ५८ टक्केच करंट जातो. म्हणजे रिले १२ च्या आसपास हवा. २१ वर लावला तर तो पॅनलमध्ये शोभेला आहे.

जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी नव्हे

बेअरिंग गरम झालं की ग्रीस गन आणायची आणि सीलमधून बाहेर येईपर्यंत मारायचं, ही पद्धत कोणी सुरू केली माहीत नाही. भरगच्च ग्रीसमध्ये बेअरिंग फिरत नाही, ते ग्रीस घुसळतं. घुसळल्यानं तापतं, तापलं म्हणून आणखी ग्रीस मारतात. मोटर असेल तर जादा ग्रीस आत वाइंडिंगवर जाऊन बसतं.

किती मारायचं याचा सोपा हिशोब आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६३१२ नंबरचं बेअरिंग घ्या : १३० गुणिले ३१ गुणिले ०.००५, साधारण २० ग्रॅम. आपल्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, हे मी कॅन्टीनच्या वजनकाट्यावर मोजतो. कागदावर दहा स्ट्रोक मारा, वजन करा, दहानं भागा, तो आकडा गनवर पेंटनं लिहा. प्रत्येक गनचं वेगळं येतं. मारण्याआधी निप्पल पुसा, नाहीतर बाहेरची धूळ तुम्हीच आत ढकलताय. ड्रेन प्लग असेल तर उघडा. आणि दोन्ही बाजूंनी झाकलेलं, झेडझेड किंवा टूआरएस लिहिलेलं बेअरिंग असेल तर गन परत ठेवा, त्याला ग्रीस लागत नाही. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरियाचं बऱ्याचदा जमत नाही, मिसळून पातळ होऊन गळतं.

बसवतानाची चूक तर आवाजावरूनच कळते. शाफ्टवर बसणारं बेअरिंग बाहेरच्या रिंगवर हातोडा मारून बसवलं की तो मार गोळ्यांमधून जातो आणि रेसवर (गोळ्या पळतात त्या खाचेवर) बारीक खड्डे पडतात. नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरतं आणि पोरगा म्हणतो, "सर, माल डुप्लिकेट आलाय." शाफ्टवर घट्ट बसत असेल तर जोर आतल्या रिंगवरच द्यायचा, मापाचा पाइप लावून. त्याहून बरं म्हणजे इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग अलगद सरकतं. गॅसच्या ज्योतीवर तापवणाऱ्याला मी स्टोअरमधून दुसरं बेअरिंग देत नाही.

सेन्सर बदलला, ओके

स्टेशन थांबलं की पहिला हात प्रॉक्सिमिटी सेन्सरवर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा). आधी त्याचं तोंड पुसा. मग लोखंडाचा तुकडा समोर धरा. सेन्सरचा दिवा लागतो का? लागत असेल तर पीएलसीच्या इनपुटचा दिवा लागतो का? पहिला लागतो आणि दुसरा नाही, तर बहुतेक केबल तुटलीय. पण केबलला हात लावण्याइतका धीर कोणाला? स्टोअरमधून नवा सेन्सर येतो, तोही पीएनपीच्या जागी एनपीएन (उलट्या आउटपुटचा), आणि मग आणखी एक तास जातो.

लॉगबुकमध्ये "सेन्सर बदलला, मशीन ओके" एवढंच लिहिलेलं असतं. का बदलला, काढलेला खरंच खराब होता का, काहीच नाही. पुढच्या महिन्यात तेच स्टेशन थांबलं की आपण पुन्हा शून्यापासून. काढलेला पार्ट टेबलावर तपासल्याशिवाय मी भंगारात जाऊ देत नाही. निम्मे सेन्सर चांगले निघतात.

बाकीच्या, पटापट

एका वेळी दोन गोष्टी बदलू नका, कशानं सुटलं ते कळणार नाही.

व्ही-बेल्ट चारचा सेट असेल तर चारही बदला. आणि मोटर सरकवून चढवा, टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) उचकटून नाही.

एअर गननं सीएनसीचे स्लाइड साफ करू नका, चिप्स वायपरखाली (स्लाइड पुसणाऱ्या रबरी पट्टीखाली) जातात.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जोडलेली असताना मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका. केबल सोडवा, मग मेगर.

मेन स्विच बंद केला म्हणजे मशीन मेली असं नाही. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मीटरनं तपासा. सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, वर अडकलेला स्लाइड खाली येतो. स्विचवर आपलं स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली आपल्याच खिशात. "मी इथेच उभा आहे, कोणी चालू करणार नाही," असं म्हणणारा मित्र चहाला जातो.

स्क्रू पान्ह्यानं नट सोडवू नका, मापाचा स्पॅनर आणायला दोन मिनिटं लागतात. गोल झालेला नट काढायला अर्धी शिफ्ट जाते.

आणि गार्ड बंद करण्याआधी हत्यारं मोजा. मागे एका गिअरबॉक्सचं कव्हर उघडलं तर आत १२-१३ चा स्पॅनर निवांत तेलात पडलेला. कोणाचा, ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.