समुद्रफेसात सोनं ओतताना या चुका टाळा

देवगड-मालवणच्या पुळणीवर भरतीबरोबर समुद्रफेस येऊन पडतो. माकुलाच्या पाठीतलं हे पांढरं, नखानं दबणारं हाड सोनाराला एका ओतकामापुरता फुकटचा साचा देतं. त्याच्या थरांच्या रेघा सोन्यावर उमटतात, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर राहतात तशा. हा सगळा खटाटोप त्या रेघांसाठी. गुळगुळीत दागिना हवा असेल तर मेणाचं ओतकाम बरं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ओलं हाड. वरून कोरडं वाटलं तरी आत खारं पाणी असतं. वितळलेलं सोनं आत गेलं की त्या पाण्याची वाफ होते आणि सोनं उसळून अंगावर येतं. हाड गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, मग आठवडाभर कडक उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर वाळलेलं हाडही किनाऱ्यावरच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतं. पावसाळ्यात शेगडीच्या उबेला ठेवा आणि रोज काट्यावर घाला. तीन दिवस वजन हललं नाही की वाळलं. तरीही चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय ओतू नका.

हाड उभं चिरून दोन्ही तोंडं काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासा. फट राहिली की दागिन्याच्या कडेनं सोन्याचा पापुद्रा निघतो. या दोन तोंडांमध्ये दागिन्याचा नमुना दाबला की त्याचा ठसा उमटून साचा होतो. मेणाचा नमुना दाबताना मोडतो, म्हणून तो चांदीचा किंवा पितळेचा घ्या. 1 मिमीपेक्षा पातळ भाग सहसा भरत नाही. नमुन्याभोवती 6 मिमी आणि वर नरसाळ्यासाठी, म्हणजे सोनं ओतायच्या कोरीव तोंडासाठी, 25 मिमी हाड सोडा.

रेघांची दिशा ठरवल्याशिवाय मात्र नमुना दाबू नका. सुरंगीची पाकळी असेल तर रेघा देठाकडून टोकाकडे जायला हव्यात. माशाचा खवला असेल तर आडव्या, कमानीसारख्या. नमुना हाडावर फिरवून बघा, आकार आणि रेघ एकमेकांना कुठे धरतात ते तिथेच दिसतं. दाबून काढल्यावर मऊ ब्रश फिरवा: रेघांमधला भुसभुशीत भाग झडतो आणि खाच खोल होते.

सोनं कमी पडणं ही नेहमीची तक्रार. चांदीचा नमुना 3 ग्रॅमचा असेल तर 22 कॅरेटचं सोनं साधारण 1.7 पट, म्हणजे 5.1 ग्रॅम लागतं. नरसाळ्यात तितकंच जास्तीचं हवं, कारण त्याच्याच भारानं सोनं कोपऱ्यांत शिरतं. ते नंतर कापून परत मिळतं.

कडा गोलसर आल्या तर बहुधा मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, गार होती. ती टाकणखार लावून आधी लाल करा आणि ओतताना ज्योत सोन्यावरच ठेवा. वरच्या टोकाला खड्डे आले तर हवा अडकली, तिथून वर जाणाऱ्या बारीक वाटा कोरा. अंगभर बारीक छिद्रं म्हणजे बहुतेक वेळा डाग (सांध्याची झाळ) लागलेली मोड, म्हणजे जुनं मोडीचं सोनं, पुन्हा पुन्हा वितळवली. निम्मं तरी नवं सोनं घाला. केडीएमचा, म्हणजे कॅडमियम मिसळलेला, डाग असलेली मोड तर मुशीत घालूच नका. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी, आणि तो धूर फुप्फुसं जाळतो.

दागिना निघाल्यावर बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरायचा मोह होतो. अर्ध्या मिनिटात रेघा पुसल्या जातात. फक्त कडा ओपणीनं, म्हणजे चकाकी आणायच्या गुळगुळीत हत्यारानं, घासून चमकवा. खाचा मंदच राहू द्या.